दाजींच्या नावावर

रविवार, २ मार्च

वाट लावली. सगळ्यांची!

दुपारी गच्चीवर खोकं पालथं घातलं, त्यावर धाकट्या भावाचे, दिग्विजयचे, सोल्जर मांडले आणि प्रायमर मारला. प्रायमर म्हणजे रंगाआधी द्यायचा राखाडी हात – तो बसला की वरचा रंग धरतो. स्प्रेचा डबा त्याच्याच कपाटातला. म्हटलं, ऑपरेशन करून तो सांगलीहून परत येईपर्यंत एवढं काम आपण उरकून ठेवू. खूश होईल.

वारा होता. फवारा भलतीकडेच जायला लागला म्हणून डबा जवळ नेला. आणखी जवळ. कुठं जरा पांढरं दिसलं की परत तिथंच. ओलं होतं तोवर कसं चकचकीत दिसत होतं – मला वाटलं, काय छान बसलाय! कपडे काढायला वर गेले तेव्हा बघते तर कुणाला नाक नाही, डोळे नाहीत, बोटं नाहीत. बेसनात बुडवलेल्या भज्यांसारखे सगळे. हनुवटीखाली थेंब गोठलेले.

करंगळीएवढी प्लॅस्टिकची माणसं. एकेकाचे हातपाय सुरीनं कापून, चिमट्यात धरून त्यानं चिकटवलेत. पलंगावरून उठता येत नव्हतं तेव्हापासून त्याचं तेच चाललं होतं.

जाताना म्हणाला होता – "ताई, टेबलावरच्या कशालाच हात लावू नकोस. मी आल्यावर करतो."

विश्वजितलाही सांगितलं नाही, नवरा असून. खोकं जिन्याखाली सरकवलं.

सोमवार, ३ मार्च

आईचा फोन. दोघं सांगलीत आकाराम मामाकडे उतरलेत. रोज मिरजेला दवाखान्यात जायचं, तपासण्या करायच्या, परत यायचं. गुरुवारी ऑपरेशन.

"पोरगं गप गप हाय," आई म्हणाली. "त्या भावल्यांचं तेवढं इचारतंय. ताईनं झाकून ठेवल्यात का म्हणून."

मी म्हटलं, हो, झाकून ठेवल्यात.

जिन्याखाली! झाकलेल्याच आहेत की.

मंगळवार, ४ मार्च

या घरात जे कुणीच बोलत नाही ते इथं तरी लिहिते.

गेल्या मे महिन्यात वडूजहून, गावाकडच्या लग्नाहून दोघं मोटारसायकलवरून साताऱ्याला येत होते. विश्वजित चालवत होता, दिग्विजय मागे. पुसेगावच्या पुढं वळणावर खडी पडलेली. विश्वजितचा कोपर खरचटला. दिग्विजयचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली – नको. लिहवत नाही.

पोलीस भरतीची तयारी चालली होती त्याची. शाहू स्टेडियमच्या ग्राउंडवर पहाटे पळायला जायचा. साताऱ्यात आमच्याकडे राहूनच करायचा सगळं. विश्वजित बरोबर जायचा, स्टॉपवॉच धरून, गळ्यात शिट्टी. आमच्या लग्नात दिग्विजय शाळेत होता – तेव्हापासून दाजी दाजी करत मागे मागे फिरलेला पोरगा.

दवाखान्यात विश्वजितनं मला स्वतःच सांगितलं. "त्यानं दोनदा म्हटलं, दाजी, जरा हळू. मी हसलो."

त्यानंतर दिग्विजयनं एका शब्दानं त्याला दोष दिला नाही. भांडला नाही, रडला नाही. फक्त 'हं', 'नको', 'चालतंय'. एकाच घरात! ताटावर बसले की दोघंही माझ्याशी बोलतात.

विश्वजितनं ती मोटारसायकल परत चालवली नाही. कंपनीच्या बसनं एमआयडीसीत जातो.

गुरुवार, ६ मार्च

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, कुबडी सुटेल. पळण्याचं विचारलं नाही कुणी.

शनिवार, ८ मार्च

खोटं लिहिलं मी रविवारी. वहीतसुद्धा!

तो खूश होईल म्हणून नव्हतंच केलं. मला माझं टेबल परत हवं होतं. इतके महिने आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय आणि टेबलावर याचे गोंद, पुट्टी, कापलेले तुकडे. एकदा भाजीत प्लॅस्टिकचा हात निघाला. मी हसले तेव्हा. पण मनात चीड होती. वाटलं, प्रायमर मारून टाकला की पुढं रंगवायलाच घेईल, संपवेल एकदाचं. शिवाय 'ताई, तू केलंस?' असं त्यानं म्हणावं असंही होतं. वर्षभर त्याचं करतेय, त्याचं कुणी काही म्हणत नाही. तो तर नाहीच.

म्हणजे उपकार करायला गेले होते मी. भावावर.

रविवार, ९ मार्च

आज फार वाईट केलं.

दुपारी दिग्विजयचा व्हिडिओ कॉल. तोंड उतरलेलं, पण बरा दिसत होता. मामाच्या घरच्या पलंगावर, मागे आई केळं सोलत बसलेली. मी नुकतंच खोकं बाहेर काढलं होतं – ओल्या फडक्यानं थर निघतोय का बघत होते. फोन घाईत उचलला आणि टेबल मागे तसंच!

"ताई, मागं काय गं ते?"

"कुठं काय?"

"फोन वळव जरा. वळव की!"

वळवला. तो बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात – "कुणी केलं हे?"

मी म्हटलं, "दाजींनी."

विचार केला नाही. शोधलं नाही. तयारच होता तो शब्द तोंडात! दाजींनी. जसं काही अजून एक गोष्ट त्या माणसाच्या नावावर टाकली तर काय मोठं बिघडतंय.

दिग्विजयनं फोन कापला. स्क्रीन काळी झाली.

सोमवार, १० मार्च

विश्वजितनं आज माझ्या डब्यात स्वतः केलेली मटकीची उसळ दिली. खाल्ली मी. निर्लज्जासारखी, चाटूनपुसून.

बुधवार, १२ मार्च

नेलपॉलिशचा रिमूव्हर. रंग काढायचा तर तोच, असं वाटलं. रक्ततपासणीच्या लॅबमधून, कामावरून आल्यावर वाटीत ओतला. रांगेतला कडेचा एक उचलला आणि उलटा धरून बुडवला.

राखाडी थर भराभर सुटला. मला इतका आनंद झाला! मग डोकं मऊ झालं. मग खांदे. बाहेर काढेपर्यंत कमरेपर्यंतचा माणूस च्युइंगमसारखा झाला होता, बोटाला तार आली. पाय तेवढे शाबूत.

रिमूव्हरनं प्लॅस्टिकच विरघळतं. मोबाइलवर आधी बघितलं असतं तर कळलं असतं. आधी बघायचं असतं हे मला काही सुचतच नाही. आधी करायचं!

गोळा कागदात गुंडाळून मसाल्याच्या डब्यामागे ठेवला. टाकवेना.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. लॅब बंद. खाली पोरं ओरडतायत, चौकात मटणाचा वास. विश्वजित मित्रांकडे गेला नाही, हॉलमध्ये पेपर उघडून बसलाय. पान उलटत नाही. मंगळवारपासून असाच आहे, गप्प. नेहमीचं गप्प नाही, वेगळंच काहीतरी.

मी व्हिडिओ बघितले. जगभरची माणसं हीच चूक करतात म्हणे! जाड प्रायमर बसला तर स्पिरिटमध्ये भिजत घालायचं आणि मऊ ब्रशनं घासायचं. प्लॅस्टिकला धक्का लागत नाही. स्पिरिट! मी रोज लोकांच्या दंडाला जे पुसून सुई टोचते ते. उद्या दुकानातून आणते.

रविवार, १६ मार्च

काल बरणीत स्पिरिट ओतून सगळे बुडवून ठेवले होते. आज मागच्या ओट्यावर बसून लहान मुलांच्या टूथब्रशनं घासले. आधी थर नुसता चिकट झाला, वाटलं अजून बिघडवतेय. मग एकदम साल सुटावी तशी सुटली. राखाडी पाणी. ब्रश धुवायचा, परत घासायचं. कानामागे, बगलेत टाचणीनं.

आणि मग बघितलं.

हे सोल्जर नाहीतच!

त्यांच्या हातात काही नाही. बंदुका, भाले, जे काही मूळचं असेल ते त्यानं कापून टाकलंय. शिरस्त्राणं तासून डोक्यावर केस केलेत, पुट्टीचे. अंगात बनियन. छातीवर मोहरीएवढा चौकोन – भरतीला पोरांच्या छातीवर नंबर लावतात तो! सगळे पळतायत. कुणी मान वर केलीय, कुणी कोपर आत दाबलाय, एकाचं तोंड उघडं. एकजण वाकून बुटाची नाडी बांधतोय, तो तर मला ओळखूसुद्धा आला – मलकापूरचा जयराज, याच्याबरोबर पळायला यायचा तो. त्याचे कान तसेच.

ग्राउंड केलंय त्यानं. त्याचं ग्राउंड.

इतके महिने त्या टेबलाशेजारून जात होते मी. झाडू मारला, पसारा म्हणून कुरकुर केली. एकदाही वाकून बघितलं नाही. फवारा मारतानासुद्धा!

घासताना दोघातिघांचे हात निखळले. नाडी बांधणाऱ्याचे पुट्टीचे केस गेले. ब्रश ठेवला आणि तिथंच बसून रडले. स्पिरिटचा वास डोळ्यात जातोय असं म्हणायला समोर कोणी नव्हतंच.

मंगळवार, १८ मार्च

विश्वजितला कळलं. म्हणजे – त्याला आधीपासूनच माहीत होतं.

संध्याकाळी बस लवकर आली त्याची. मी ओट्यावर ब्रश घेऊन. तो आला, बूट काढले, शेजारी बसला. बरणीकडे बघून म्हणाला, "निघतोय का?"

"काय?"

"मी मारलेला प्रायमर."

मला वाटलं, जमीन फाटावी. मान वर करता येईना.

"दिग्विजयचा फोन आला होता मला," तो म्हणाला. "गेल्या मंगळवारी. कंपनीत होतो. शेडच्या मागं जाऊन घेतला."

"काय म्हणाला?"

"लय बोलला."

मग सांगायला लागला – दिग्विजयच्याच आवाजात जवळजवळ. 'तुमाला कुणी सांगितलं हुतं हात लावायला? आमी नको म्हणलेलं ऐकूच येत न्हाई का तुमाला? हळू करा म्हणलं की तुमी हसता! आपलंच दामटायचं, आन् वाट लागली की गप बसायचं. माझं ग्राउंड गेलं, दाजी. सगळं ग्राउंड गेलं माझं!'

"मग तो रडला," विश्वजित म्हणाला. "मग परत बोलला."

"अरे, पण तू सांगायचंस ना, प्रायमर मी नाही मारला म्हणून! घरात तरी विचारायचंस मला!"

"प्रायमरला कोण हळू कर म्हणतं का गं?"

मी ब्रश पाण्यात बुडवला.

"मेपासून तो माझ्याशी बोलला नव्हता, अपेक्षा. हं आणि नको सोडून. मी वाट बघत होतो. आई तरी बोलतील, तू तरी बोलशील. एक शिवी तरी. सगळी चांगली वागली माझ्याशी. ताटात वाढलं, डबा दिला." त्यानं एक पोरगा उचलून तळहातावर घेतला. "कुणाचं का निमित्त होईना. बोलला तो."

माझ्यावर चिडला असता तर सोपं गेलं असतं. तो चिडला नाही. म्हणाला, दुसरा ब्रश आहे का?

बुधवार, १९ मार्च

काल एक गोष्ट लिहायची राहिली, कारण लिहायची हिंमत नव्हती.

घासता घासता विश्वजित म्हणाला, "यात मी कुठला?"

"म्हणजे?"

"फोनवर म्हणाला तो. 'तुमालासुदिक केलं हुतं मी त्यात, शिट्टी घालून.' बघतोय केव्हाचा. सगळे पळतायत. शिट्टीवाला दिसत नाही."

कडेला होता तो. रांगेच्या कडेला. उभा.

मी स्वयंपाकघरात गेले, मसाल्याच्या डब्यामागून कागदाची पुडी आणली आणि त्याच्या हातात दिली. उघडली त्यानं. तो गोळा आणि खाली दोन नीट पाय, बुटांच्या घड्यासुद्धा दिसतायत.

त्या पायांवरून अंगठा फिरवून म्हणाला, "पाय बरे राहिले माझे."

एवढंच. पुडी परत बांधली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

शुक्रवार, २१ मार्च

दिग्विजयला खरं सांगायला फोन हातात घेतला, ठेवला. परत घेतला.

सांगितलं तर माझ्या डोक्यावरचं उतरेल. पण मग त्या दोघांचं काय? जे बोलणं झालं ते प्रायमरवर झालं – आणि प्रायमर दाजींचा नव्हताच, असं कळलं तर दिग्विजय काय करेल? माफी मागेल! 'चुकलं दाजी, उगाच बोललो.' आणि परत हं, नको, चालतंय.

विश्वजितला म्हटलं. तो म्हणाला, "राहू दे माझ्या नावावर. मला जड नाही."

मी तेच धरून बसलेय. त्याच्यासाठी गप्प आहे असं स्वतःला सांगतेय. किती सोयीचं! खोटं बोलले ते माझ्यासाठी, आता तेच खोटं टिकवायचं ते नवऱ्यासाठी. वा गं अपेक्षा.

रविवार, २३ मार्च

परत मारला. नीट.

विश्वजितनं निखळलेले हात चिकटवले होते, जीभ बाहेर काढून, एकेक. डबा कोमट पाण्यात ठेवला, मग हलव हलव हलवला. वारा पडलेला बघून सकाळीच गच्चीवर गेलो. या खेपेला हात लांब. फवारा माणसाच्या बाहेर सुरू करायचा, त्याच्यावरून नेऊन बाहेरच सोडायचा. थांबायचं नाही. एका बाजूनं पांढरं राहिलं तर राहू द्यायचं! वाळू द्यायचं, मग फिरवून परत धुक्यासारखा एक हात.

पांढरं राहू देणं इतकं कठीण जातं मला. हात शिवशिवतो. विश्वजित मागून म्हणाला, "पुरे." मी थांबले.

नाकं आहेत. डोळे आहेत. नंबराचे चौकोन आहेत. नाडी बांधणाऱ्याचे केस मात्र नाहीत, टक्कल राहिलं बिचाऱ्याला.

चांगले झालेत. त्याचंच जास्त वाईट वाटतंय. आता खूणसुद्धा राहिली नाही.

गुरुवार, २७ मार्च

आईचा फोन. पाडव्याला मामाच्या गाडीनं दोघं येतायत.

"आगं, दिग्या रोज बोलतोय जावयबापूंसंगं फोनवर," आई म्हणाली. "कायतरी रंगाचंच असतंय. तवा तेवढं भांडला, आता बरा बोलतोय. पर तू का गं फोन करंनास? तुज्यावर का रुसलाय?"

"नाही, आई. कामात आहे."

"मला वाटलंच हुतं, जावयबापू असं करायचं न्हाईत," आई म्हणाली. "आधी इचारणारा माणूस हाय त्यो. आता अपघातापासनं तर घरात पंखा लावायचा तरी इचारत्यात. पर म्हणलं, झालं आसंल."

म्हणजे तिला शंका होती. आणि तरी दाजींवरच ठेवलं तिनं – माझ्यावर आणलं नाही. मी तिची लेक म्हणून.

मला त्या वेळी कळलं की हे असंच चालणार. पंखा लावायचा तरी विचारायचं त्यानं, या घरात, जन्मभर. आणि काहीही फुटलं, सांडलं, बिघडलं की आम्ही सगळ्यांनी आधी त्याच्याकडे बघायचं. वाट मीच पाडून दिली.

शनिवार, २९ मार्च

टेबल पुसलं. पोरांना मध्ये मांडलं, पळताना. कडेची जागा मोकळी ठेवली.

ताटं मांडीवरच घेऊ.

रविवार, ३० मार्च. पाडवा

सांगितलं. जेवणं झाल्यावर. दिग्विजय टेबलाशी बसला होता, कुबडी भिंतीला, विश्वजित समोर. मी उभ्यानंच म्हटलं – प्रायमर मी मारला. दाजी घरातसुद्धा नव्हते. शिट्टीवालाही मीच वितळवला. तुझ्याशी खोटं बोलले.

दिग्विजयनं माझ्याकडे बघितलंच नाही. तो विश्वजितकडे बघत होता.

"मग मी त्या दिवशी तुमाला एवढं बोललो, दाजी – ते –"

"ते गाडीचं होतं," विश्वजित म्हणाला. "बरोबरच होतं. राहिलं असेल अजून. बोल."

पोरानं टेबलाची कड धरली. आणि तो बोलायला लागला. पहिल्यांदाच – वळणापासून, खडीपासून.

मी आईचा हात धरून तिला बाहेर आणलं आणि दार ओढून घेतलं.